एआयच्या जागतिक नियमांवर हरकती व सूचना कशा नोंदवाव्यात

नगरपालिकेचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी मुदत दिली जाते, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडते तो माणूस सर्व्हे नंबर, नकाशाची प्रत आणि एक पानी अर्ज घेऊन कार्यालयात जातो, आवक क्रमांकासह पोच घेतो आणि सुनावणीच्या दिवशी हजर राहतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे, म्हणजे एआयचे, आंतरराष्ट्रीय नियम तयार होतानाही पुष्कळशी अशीच प्रक्रिया चालते. फरक इतकाच की तिची नोटीस गावातल्या फलकावर लागत नाही, मसुदा इंग्रजीत असतो, आणि आरक्षण आपल्याच जमिनीवर पडले आहे हे अनेकांना कळतही नाही. ग्राहक संघटना, वाचनालय, शिक्षक संघ, बचत गटांचा महासंघ किंवा शेतकरी उत्पादक कंपनी अशा लहान संस्थांना वकील न लावता आणि परदेशवारी न करता या प्रक्रियेत आपले म्हणणे कसे मांडता येईल, ते पुढे सांगितले आहे.

सुरुवात मसुद्यापासून करू नये, स्वतःच्या अडचणीपासून करावी. आमच्या परिचयातल्या एका वृद्ध बाईंनी एका आवाजी मदतसेवेवर रकमेचा आकडा ‘पावणेसातशे’ असा सांगितला आणि पडद्यावर 700 उमटले. त्यांनी पुन्हा सांगितले, पुन्हा 700 आले. शेवटी नातवाने ‘सहाशे पंच्याहत्तर’ म्हणून दिले तेव्हा काम झाले. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द मराठी व्यवहारात रोज येतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक मानवी कानालासुद्धा नीट ऐकावा लागतो. ‘मराठी उपलब्ध’ असे लिहिलेल्या सेवेने निदान एवढे तरी तपासून घेतले असावे, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही. ही तक्रार अर्थात आधी त्या सेवेकडेच जायला हवी. परंतु भाषा उपलब्ध असल्याचा दावा करण्यापूर्वी चाचणी घेणे बंधनकारक असावे का, ती कोणी घ्यावी आणि तिचा निकाल जाहीर करावा का, हे प्रश्न एका सेवेपुरते नाहीत. त्यांची उत्तरे नियमांत असतात, आणि ते नियम सध्या लिहिले जात आहेत.

देश आत आहे, आपण कुठे आहोत?

संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी ऑक्टोबर 2023 मध्ये एआयविषयी 39 सदस्यांचे उच्चस्तरीय सल्लागार मंडळ नेमले आणि त्या मंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये अंतिम अहवाल दिला. संयुक्त राष्ट्रांच्या बाहेर चालणाऱ्या सात प्रमुख आंतरराष्ट्रीय उपक्रमांत कोणकोणते देश सहभागी आहेत, हे मंडळाने तपासले. सातही उपक्रमांत असलेले देश केवळ 7 निघाले आणि ते सर्व जी-7 गटातले होते. एकाही उपक्रमात नसलेले देश 118 निघाले. समावेशाविषयीच्या चर्चेत हा आकडा वारंवार येतो आणि तो यावाच.

मात्र आपल्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. भारत त्या 118 देशांमध्ये नाही. 2020 मध्ये स्थापन झालेल्या ग्लोबल पार्टनरशिप ऑन एआय या गटाचा भारत संस्थापक सदस्य आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे झालेल्या परिषदेच्या जाहीरनाम्यात भारत सामील होता, फेब्रुवारी 2025 मध्ये पॅरिसच्या परिषदेचे सहअध्यक्षपद भारताकडे होते आणि फेब्रुवारी 2026 ची परिषद नवी दिल्लीत भरली. त्यामुळे ‘आम्हाला कोणी विचारत नाही’ असा सूर भारतातून पाठवलेल्या अभिप्रायात लावला, तर वाचणारा सदस्यांची यादी दाखवून मोकळा होतो. आपली तक्रार निराळी आहे. देशाला खुर्ची मिळाली आहे, पण 2011 च्या जनगणनेनुसार 8 कोटी 30 लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीत ही साधने कशी चालतात याचा पुरावा त्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या हातात कोणी दिलेला नाही. अभिप्राय हे तो पुरावा पोचवण्याचे साधन आहे, असे समजून लिहावे.

कोणत्या दारावर जायचे

सर्वांत गाजावाजा शिखर परिषदांचा होतो आणि लहान संस्थांनी सर्वांत कमी वेळ त्यांनाच द्यावा, असे माझे मत आहे. परिषदेचा जाहीरनामा सरकारांच्या वाटाघाटींतून ठरतो आणि तो बंधनकारक नसतो. पॅरिसच्या समावेशक आणि शाश्वत एआयविषयीच्या निवेदनावर अमेरिका आणि ब्रिटन यांनी सहीच केली नाही, एवढे सांगितले तरी त्याच्या बळाची कल्पना येते.

दुसरे दार संयुक्त राष्ट्रांचे. 22 सप्टेंबर 2024 रोजी ग्लोबल डिजिटल कॉम्पॅक्ट हा डिजिटल तंत्रज्ञानाविषयीचा करार संमत झाला. त्याला धरून आमसभेने ऑगस्ट 2025 मध्ये ठराव क्रमांक 79/325 द्वारे दोन यंत्रणा उभ्या केल्या. त्यांपैकी एक 40 सदस्यांचे स्वतंत्र वैज्ञानिक मंडळ आहे, ज्यात एकाच देशाचे दोनांहून अधिक सदस्य असू शकत नाहीत. आणि दुसरी एआयच्या नियमनावरचा जागतिक संवाद, जो जुलै 2026 मध्ये जिनिव्हात आणि 2027 मध्ये न्यूयॉर्कमध्ये घ्यावा असे त्या ठरावात ठरले. अशा प्रक्रियांच्या आधी लेखी म्हणणे मागवले जाते; कॉम्पॅक्टच्या वेळीही स्वयंसेवी संस्थांकडून ते मागवले होते. यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेकडून सल्लागार दर्जा, म्हणजे स्वयंसेवी संस्थांना मिळणारी अधिकृत मान्यता, मिळवावा काय, असे बऱ्याच संस्था विचारतात. संस्थेची नोंदणी होऊन किमान दोन वर्षे झालेली असली तर 1 जूनपर्यंत अर्ज करता येतो, परंतु प्रक्रिया लांबलचक आहे आणि केवळ एका अभिप्रायासाठी ती करण्यात अर्थ नाही. हा दर्जा आधीच असलेली संस्था शोधून तिच्याबरोबर संयुक्त निवेदन देणे अधिक सोपे पडते. इंटरनेट गव्हर्नन्स फोरम हाही एक खुला मंच आहे. त्याची 2008 ची बैठक हैदराबादला झाली होती आणि त्याच्या वार्षिक बैठकीत घरबसल्या विनाशुल्क भाग घेता येतो. तिथे निर्णय होत नाहीत, ओळखी होतात. संयुक्त निवेदनासाठी त्याच लागतात.

तिसरे दार तांत्रिक मानकांचे. त्याच्याबद्दल वर्तमानपत्रांत क्वचितच छापून येते, आणि माझ्या मते पहिली खेप तिथेच करावी. आयएसओ आणि आयईसी या दोन आंतरराष्ट्रीय मानक संस्थांच्या संयुक्त तांत्रिक समितीने 2017 मध्ये एआयसाठी उपसमिती 42 स्थापन केली. एआय हाताळणाऱ्या संस्थांच्या व्यवस्थापनाविषयीचे 42001 हे मानक याच उपसमितीकडून डिसेंबर 2023 मध्ये आले. मानक हे कायदा नव्हे, पण कंपन्या त्याचे प्रमाणपत्र घेतात आणि निविदेच्या अटींत त्याचा क्रमांक घालता येतो. युरोपीय संघाचा ऑगस्ट 2024 मध्ये अमलात आलेला एआय कायदासुद्धा तपशिलाचा बराच भार युरोपीय मानकांवर टाकतो. मानकाच्या मतदानात प्रत्येक सहभागी देशाला एकच मत असते, म्हणजे जर्मनीचे एक तसे भारताचेही एक. आपले मत ठरवण्याचे काम भारतीय मानक ब्युरो करतो आणि त्यासाठी ब्युरोकडे एलआयटीडी 30 ही एआयची समिती आहे. ब्युरोच्या समित्यांवर उद्योग, सरकार आणि शिक्षणसंस्था यांच्याबरोबर ग्राहक संघटनांनाही जागा असते, आणि मसुदे जाहीर अभिप्रायासाठी संकेतस्थळावर ठेवले जातात. आयएसओला थेट पत्र लिहिण्याचा काही उपयोग होत नाही. तिथले दार राष्ट्रीय मानक संस्थेतूनच उघडते.

इथे वेळेचे भान ठेवावे लागते. मानकाचा मसुदा समितीच्या टप्प्यावर किंवा 12 आठवड्यांच्या चौकशी मतदानाच्या, म्हणजे देशांनी मसुद्यावर मत आणि अभिप्राय देण्याच्या, टप्प्यावर असताना त्यातला आशय बदलता येतो. अंतिम मसुद्याच्या 8 आठवड्यांच्या मतदानात फक्त शब्दांच्या चुका दुरुस्त होतात. त्यातही राष्ट्रीय समितीला आपली बैठक घेऊन मत बनवायचे असते, म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवशी पोचलेला अभिप्राय बहुधा फाइलमध्येच राहतो. मुदतीच्या निम्म्या काळाच्या आत तो द्यावा.

चौथे दार घराजवळचे, आणि ते मोजायला विसरू नये. केंद्र सरकारच्या 2014 च्या कायदापूर्व सल्लामसलत धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे. एआयच्या नियमनाविषयीचा केंद्राने नेमलेल्या उपसमितीचा अहवाल जानेवारी 2025 मध्ये अभिप्रायासाठी खुला केला होता आणि मार्गदर्शक तत्त्वे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर झाली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. दिल्लीत किंवा मुंबईत मांडलेले म्हणणे पुढे जिनिव्हात देशाचे म्हणणे म्हणून जाऊ शकते, उलट प्रवास मात्र फार कमी वेळा होतो.

परदेशस्थ मराठी मंडळींना आणखी वाटा आहेत. युरोपीय आयोगाच्या अभिप्रायाच्या संकेतस्थळावर कोणत्याही देशाच्या माणसाला मत नोंदवता येते, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनेही एआयच्या जोखमीविषयीची चौकट जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध करण्यापूर्वी मसुद्यांवर जाहीर अभिप्राय मागवले होते. तिथल्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या बैठकीतली पंधरा मिनिटे या कामाला दिली तरी पुष्कळ होईल.

मसुदा वाचताना क्रियापदावर बोट ठेवावे

साठ पानांचा मसुदा समोर आला की प्रस्तावना वाचण्यातच अर्धा दिवस जातो. ती सोडून द्यावी. भाषा, सुगम्यता, विदा (डेटा), चाचणी, बाधित व्यक्ती असे आपल्या अडचणीशी जोडलेले पाच-सहा इंग्रजी शब्द निवडून ते मसुद्यात कुठे येतात ते शोधावे आणि तेवढेच परिच्छेद छापून घ्यावेत. मग प्रत्येक वाक्यातले क्रियापद अधोरेखित करावे. मानकांच्या भाषेत ‘शॅल’ म्हणजे अट, ‘शुड’ म्हणजे शिफारस आणि ‘मे’ म्हणजे मुभा. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावात ‘ठरवते’, ‘विनंती करते’, ‘प्रोत्साहन देते’ आणि ‘नोंद घेते’ अशी उतरंड असते. भाषिक विविधतेची ‘नोंद घेतली’ आहे म्हणून आनंदित होणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. आपल्याकडे अर्जावर ‘नोंद घेतली’ असा शेरा मारून तो दप्तरी दाखल करतात, त्याहून या शब्दाला तिथे फारसे अधिक वजन नसते.

आणखी एक गोष्ट इथेच शोधून ठेवावी, ती म्हणजे आधी संमत झालेला मजकूर. वाटाघाटींमध्ये नव्या कल्पनेपेक्षा ज्यावर पूर्वी सहमती झाली आहे त्या शब्दांना मान असतो. युनेस्कोची एआयच्या नैतिकतेविषयीची शिफारस नोव्हेंबर 2021 मध्ये 193 सदस्य देशांनी स्वीकारली. तिच्या संस्कृतीविषयक भागात यांत्रिक भाषांतर आणि आवाजी साहाय्यक यांचा मानवी भाषेतल्या बारकाव्यांवर होणारा परिणाम तपासावा, असे सांगितले आहे. आपली मागणी या वाक्याला टेकवून उभी केली, तर ‘हा विषय या मसुद्याच्या कक्षेबाहेरचा आहे’ असे उत्तर देणे अवघड जाते.

पुरावा

संतापाने भरलेल्या पाच पानांपेक्षा एक तक्ता अधिक बोलतो. आमच्या गटाचा पहिला अभिप्राय पाच पानांचा होता. त्यात मराठीचा इतिहास होता, अभिजात दर्जाची मागणी होती, ज्ञानेश्वरीचा उल्लेख होता. फक्त कोणत्या परिच्छेदात काय बदलावे ते नव्हते. त्याला पोच आली, पण उत्तर आले नाही, आणि आता तो वाचताना त्याला उत्तर तरी काय द्यावे हे मलाही सुचत नाही.

छोटी चाचणी घेणे कठीण नाही. रोजच्या व्यवहारातली साठ वाक्ये ठरवावीत. त्यांत रकमा, तारखा, पिकांची नावे, औषधाच्या वेळा असाव्यात. ती वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगवेगळ्या तालुक्यांतल्या दहा-बारा जणांकडून म्हणून घ्यावीत, आणि त्यांत वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणारी माणसे जरूर असावीत. बोललेले वाक्य, पडद्यावर आलेले वाक्य, दिनांक, फोनचे मॉडेल आणि ॲपची आवृत्ती अशा पाच रकान्यांत सगळे लिहावे. जी वाक्ये बरोबर आली तीही लिहावीत. केवळ चुकांची यादी दिली की ती निवडून काढली असावी असा संशय येतो, आणि तो रास्तच असतो. बोलणाऱ्यांची लेखी संमती घ्यावी. आलेले अभिप्राय पुष्कळदा जसेच्या तसे प्रसिद्ध होतात, म्हणून नावे, फोन क्रमांक आणि आवाजाच्या फाइली जोडू नयेत. ‘स्त्री, साठीच्या पुढची, लातूर जिल्हा’ एवढी ओळख पुरते.

अभिप्राय लिहिताना

आयएसओच्या प्रक्रियेत अभिप्रायाचा तक्ता ठरलेला असतो आणि दुसरीकडे पाठवतानाही तोच साचा वापरणे सोयीचे पडते. कलम क्रमांक, परिच्छेद, अभिप्रायाचा प्रकार, म्हणणे आणि प्रस्तावित बदल हे त्याचे मुख्य रकाने असतात. प्रकार सामान्य, तांत्रिक किंवा संपादकीय असा लिहायचा असतो. शेवटचा रकाना रिकामा ठेवणे म्हणजे सर्व्हे नंबर न देता आरक्षणावर हरकत घेणे होय. संपादन करणाऱ्या माणसापुढे शेकडो अभिप्राय असतात, आणि ज्याचे शब्द उचलून मसुद्यात ठेवता येतात त्याचे काम आधी होते. एका ओळीचा नमुना असा असेल:

कलम: भाषांच्या व्याप्तीविषयीचा परिच्छेद. प्रकार: तांत्रिक. म्हणणे: सध्याच्या मजकुरानुसार एखादी भाषा उपलब्ध असल्याचे जाहीर करण्यासाठी चाचणीची अट नाही. सोबतच्या तक्त्यातील नोंदींवरून दिसते की मराठीतील अपूर्णांकवाचक संख्याशब्द, उदाहरणार्थ पावणेसातशे म्हणजे 675, चुकीच्या रकमेत रूपांतरित होतात आणि त्यामुळे आर्थिक व्यवहारात थेट नुकसान संभवते. प्रस्तावित बदल: ‘ज्या भाषेत सेवा उपलब्ध असल्याचे जाहीर केले आहे, त्या भाषेच्या भाषकांकडून संख्या, दिनांक आणि रकमा यांची चाचणी सेवादात्याने केली पाहिजे आणि तिचा निकाल प्रसिद्ध केला पाहिजे’ हे वाक्य परिच्छेदाच्या शेवटी घालावे.

या नमुन्यातल्या वाक्यात मराठीचे नाव नाही, हे मुद्दाम केले आहे. आंतरराष्ट्रीय मसुद्यात एका भाषेसाठी कलम मिळत नाही, पण मराठीच्या उदाहरणावरून मांडलेली अट स्वाहिली, सिंहली आणि क्वेचुआ बोलणाऱ्यांच्याही उपयोगी पडते, आणि मग त्यांचे देश तिच्या बाजूने मत देऊ शकतात. सहकार्य या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ एवढाच आहे.

एका अभिप्रायात तीनपेक्षा जास्त मुद्दे घेऊ नयेत. मूळ लेखन मराठीतच करावे, कारण चाचणी घेणाऱ्या सगळ्यांना ते वाचून दुरुस्त करता आले पाहिजे, आणि मग त्याचे इंग्रजी करावे. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश अशा सहाच आहेत, तेव्हा तिथे मराठी मजकूर पाठवून स्वाभिमान जपला जातो, पण तो मजकूर वाचला जात नाही. इंग्रजीत मराठी उदाहरण देताना देवनागरी शब्द, रोमन लिपीत त्याचा उच्चार आणि अंकांत किंमत अशा तिन्ही गोष्टी द्याव्यात. भाषांतर यंत्राकडून करून घेतले तर संख्याशब्द स्वतः तपासावेत. ज्या दोषाची तक्रार आहे तोच तक्रारीत शिरला तर शोभा होते.

इतर संस्थांना सोबत घेताना तयार पत्र वाटून शंभर सह्या गोळा करण्याचा मोह टाळावा. एकसारखी पत्रे एकच अभिप्राय म्हणून धरली जाण्याचा संभव असतो. आशा कार्यकर्त्यांच्या संघटनेने औषधांच्या नावांचा तक्ता द्यावा, शेतकरी कंपनीने पिकांच्या आणि किडींच्या नावांचा द्यावा, शिक्षकांनी मुलांच्या उच्चारांचा द्यावा, आणि सर्वांनी प्रस्तावित वाक्य मात्र एकच ठेवावे.

पाठवल्यानंतर

ईमेलची पोच, संदर्भ क्रमांक आणि पाठवलेल्या मजकुराची प्रत एका फाइलमध्ये ठेवावी. मानकांच्या प्रक्रियेत प्रत्येक अभिप्रायासमोर तो स्वीकारला, अंशतः स्वीकारला, नाकारला किंवा नोंदला असा शेरा कारणासह लिहिला जातो. राष्ट्रीय समितीकडे तो मागावा. नाकारल्याचे कारण ‘पुरावा अपुरा’ असे असेल तर चाचणी वाढवावी, ‘कक्षेबाहेर’ असे असेल तर दुसरे दार शोधावे.

लिपीच्या बाबतीत असे प्रयत्न फळाला आलेले आहेत. ‘ॲप’ लिहिताना आपण वापरतो ते ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड या जागतिक मानकात 2008 साली, 5.1 या आवृत्तीत, स्वतंत्र संकेतांक घेऊन आले. त्याआधी ते पडद्यावर आणायला निरनिराळ्या युक्त्या कराव्या लागत.

मसुद्याची पुढची आवृत्ती आली की आधी आपला परिच्छेद शोधावा. कलमांचे क्रमांक बदललेले असतात, म्हणून जुन्या क्रमांकावर न जाता शब्दांवरून शोध घ्यावा. ‘शॅल’च्या जागी ‘शुड’ आले असेल तर मुदत संपण्यापूर्वी नव्या क्रमांकासह पुन्हा एक ओळ भरावी, आणि चाचणीचा तक्ता ताज्या तारखेचा जोडावा.